वाचणाऱ्याचं ताट

काका, पुस्तक माझ्याकडे आहे.

तुम्हाला मातीत ठेवून आम्ही घरी आलो, त्या संध्याकाळी काकूंनी ते तुमच्या उशाशेजारून उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. खूण म्हणून तुम्ही घातलेली गोळ्यांची रिकामी पट्टी जागची हललेली नाही. शेवटचं प्रकरण, दुसरं पान. एवढंच उरलं होतं हो. थोडं थांबला असतात तर झालं असतं.

बघा, मी तुम्हाला थांबा म्हणते आहे. घाई करायची सवय माझी, थांब म्हणायचं काम तुमचं. सगळंच उलटं झालं.

लोक आले, गेले. तुमच्या जुन्या सेक्शनमधले दोघे आले होते. 'फादरजी चले गए' असं एकमेकांना सांगत सोफ्यावर बसून राहिले. फादर व्हायची सेमिनरी अर्ध्यावर सोडून सरकारी नोकरीत आलेला माणूस, म्हणून ऑफिसात तुम्ही कायमचे फादरजी. ते गेल्यावर काकू म्हणाल्या, "चहा घ्यायला हवा होता त्यांनी." दिवसभरात त्या एवढंच बोलल्या.

मला आठवतं ते तुमचं लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर. नेवाशाहून दिल्लीला निघाले तेव्हा आमच्या गल्लीत राहणाऱ्या तुमच्या बहिणीने एक पिशवी माझ्या गळ्यात घातली होती. बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि जुन्या साड्यांची एक गोधडी. "एवढं आमच्या भावाला दे. आपला माणूस आहे, अडीअडचणीला उपयोगी पडेल." आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिली. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये. यूपीएससी म्हणजे नक्की काय हे त्यांना माहीत नव्हतं. पोरगी दिल्लीला शिकायला जाते आहे, एवढं ते सगळ्या डेपोला सांगून आले होते.

रविवारी दुपारी मी तुमचं दार वाजवलं. काकूंनी उघडलं, तोंडात घास होता. आत जेवणाच्या टेबलाशी तुम्ही उभे राहून शिळा मराठी पेपर मोठमोठ्याने वाचत होतात. तुमचं ताट समोर होतं आणि त्यावर दुसरं ताट पालथं घातलेलं होतं. मला वाटलं, भांडण झालंय. तुम्ही वाचता वाचताच मला बसायची खूण केलीत. बातमी संपेपर्यंत कुणी काही बोललं नाही.

मग सांगितलंत. फादर होण्यासाठी मुलं शिकतात त्या सेमिनरीत जेवताना बोलायचं नसतं. एकाने उभं राहून वाचायचं, बाकीच्यांनी ऐकत जेवायचं. वाचणाऱ्याचं ताट झाकून ठेवायचं, तो मागून जेवतो. आणि वाचताना तो चुकला की मोठे फादर चमच्याने ग्लास वाजवणार. ग्लास वाजला की ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून.

"सेमिनरी सुटली," काकू म्हणाल्या, "ही खोड काही सुटली नाही. लग्नानंतर पहिल्या दिवशी मला वाटलं, माझ्या हातचं आवडलं नाही म्हणून उठून उभे राहिले."

"आवडलं नव्हतंच," तुम्ही म्हणालात आणि ताटावरचं ताट काढलंत.

त्या दिवशी मी पोटभर जेवले. पीजीमधल्या पातळ डाळीनंतर पहिल्यांदा. निघताना तुम्ही म्हणालात, "पुढच्या रविवारी ये. वाचायची पाळी तुझी."

पुस्तक त्यानंतर आलं. रोमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर असलेल्या तुमच्या पुतणीने पाठवलं होतं. 'काका, तुमच्या लॅटिनला गंज चढला असेल, हे घासायला घ्या.' आत सगळं लॅटिन भाषांतर, पण वरचं चित्र बघून मी ओळखलं. समुद्रकाठचं दीपगृह, कठड्यावर एक मुलगी, आणि तिच्या हातात कंदील. हीच मुलांची जादूची कादंबरी तेव्हा सगळीकडे होती. नवीन उघडलेल्या मॉलच्या काचेत तिचा डोंगर रचलेला असायचा. माझ्या पीजीतल्या मुलींनी ती दोन दिवसांत संपवली होती, पलंगावर लोळत, चिप्स खात. मी त्यातल्या एकीकडून मागून घेतली, तीन पानं वाचली आणि परत दिली. इंग्रजी येत नव्हतं असं नाही. पण त्या मुली जिथे हसत होत्या तिथे मला हसू येत नव्हतं. "अरे यार, ये तो बच्चों की किताब है," ती म्हणाली. ते मला फार लागलं होतं. तुम्हाला मी हे कधी सांगितलं नाही. तुम्हाला कळलं असावं, कारण तुम्ही विचारलंत, "तू वाचलीस का ही?" मी नाही म्हटल्यावर तुमचा चेहरा खुलला. "मीपण नाही. चल, सुरुवात करू."

मला लॅटिन येत नव्हतं, हे तुमच्या लेखी कारणच नव्हतं. "नेवाशाच्या पोरीला इंग्रजी तरी कुठं येत होतं? ते शिकलीस ना?"

तुम्ही एक वाक्य वाचायचात, मग मी वाचायचं, मग दोघांनी मिळून त्याचं मराठी करायचं. एका रविवारी एक पान. कधी अर्धंच. काकूंना लॅटिनचं अक्षरही येत नसे, पण त्या जेवता जेवता मराठीची वाट बघत बसायच्या. "मग? त्या पोरीचं काय झालं?" आणि अक्षरांवर बोट ठेवून चाचपडत वाचताना मला पहिल्यांदा असं वाटलं की मी कुणाच्या मागे नाही. या भाषेत पीजीतल्या त्या मुलीही माझ्याइतक्याच अडाणी होत्या. त्यांनी खूप थट्टा केली. "पागल है क्या? लैटिन में कौन पढ़ता है?" मी म्हणायचे, "मैं और मेरे काका." हे म्हणताना मला किती बरं वाटायचं, तेही तुम्हाला सांगायचं राहिलं.

आपल्याकडे शब्दकोश एकच होता, तुमचा सेमिनरीतला. त्यात पाप होतं, प्रायश्चित्त होतं, मेणबत्ती आणि वेदी होती. आइस्क्रीम नव्हतं, टॉर्च नव्हता. त्यामुळे ती मुलगी दोन चाकांच्या एका वाहनातून गावातून दीपगृहाकडे जाते असं जेव्हा आलं, तेव्हा आपण फारसा विचारच केला नाही. दोन चाकं म्हणजे छकडा. तुमच्या वडिलांचा होता, आमच्या आजोबांचाही होता. पुढची कितीतरी पानं ती मुलगी छकडा हाकत होती. मध्येच काकूंनी विचारलं, "आणि बैलांना कुठं बांधलं तिनं?" तेव्हा आपण मागची पानं चाळली. बैल कुठेच नव्हते. तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "लेखकाला शेती माहीत नसणार."

मग एका रविवारी गाझियाबादहून तुमची लेक आणि नात आल्या. मिली तेव्हा आठ-नऊ वर्षांची. तिने पुस्तक इंग्रजीतून दोनदा वाचलं होतं. आपलं मराठी ऐकून ती खुर्चीवरून पडायची बाकी राहिली.

"आजोबा! सायकल आहे ती! शी इज ऑन अ सायकल! और ये छकडा क्या होता है?"

तुम्ही तिला दोन वाट्या आणि एक चमचा घेऊन छकडा करून दाखवलात. तिला सायकल माहीत होती, छकडा माहीत नव्हता. आपल्याला छकडा माहीत होता आणि सायकल सुचली नव्हती. मी शरमले. लगेच पेन्सिल घेऊन समासात दुरुस्त करायला निघाले. तुम्ही माझा हात धरलात.

"राहू दे. हिच्या पुस्तकात सायकल. आपल्यात छकडा."

"पण काका, ते चूक आहे."

"चूक आहे ना. पण इतक्या लांब आली ती त्यातून. आता उतरवायचं का तिला?"

उच्चारात एक स्वर चुकला तर ग्लास वाजवणारे तुम्ही, छकडा मात्र तुम्ही सोडला नाहीत. यावरून आपण वाद घालत राहिलो. माझ्या मते हे तुमचं बरोबर नव्हतं. अजूनही नाही. पण आता डोळे मिटले की मला ती मुलगी छकड्यातच दिसते, समुद्राच्या वाऱ्यात, कासरा धरून. ती अशी आणखी कुणाला दिसत होती? तुम्हाला. जगभर लाखो मुलांनी हे पुस्तक वाचलं असेल, पण आपण वाचलं ते त्यांतल्या एकानेही वाचलेलं नाही. ते दोघांचं होतं, त्यातलं अर्धं तुम्ही घेऊन गेलात. उरलेल्या अर्ध्याचं मी काय करू?

यूपीएससीच्या शेवटच्या प्रयत्नातही यादीत माझं नाव आलं नाही. त्या रविवारी मी येणारच नव्हते. काकूंचा फोन आला म्हणून आले. मला वाटलं, तुम्ही समजूत काढाल. तुम्ही पुस्तक पुढे केलंत. "उभी राहा. वाच."

मला अक्षरं दिसत नव्हती. पहिल्याच ओळीत चमचा वाजला. दुसऱ्या ओळीत पुन्हा. मी रडत होते, नाक ओढत होते, आणि तुम्ही ग्लास वाजवत होतात.

"अहो, आज तरी सोडा पोरीला," काकू म्हणाल्या.

"आज तर नाहीच."

"तुम्हाला काही वाटतं की नाही?" मी ओरडले. तुमच्यावर आवाज चढवला तो तेवढाच.

तुम्ही चमचा खाली ठेवलात. "हा वाजतोय म्हणजे कुणीतरी ऐकतंय, एवढं कळत नाही तुला? तिकडं नापास झालीस तेव्हा सांगितलं का कुणी कुठं चुकलीस? नाही ना? मी सांगतोय. वाच."

मी वाचलं. पान पुरं झालं. काकूंनी माझं ताट उघडलं तेव्हा भाजी गार झाली होती आणि मी ती गारच खाल्ली. दिल्लीत राहिले ती त्या दिवसामुळे. पुढे नोएडात परदेशी पुस्तकांची प्रुफं तपासायची नोकरी लागली, तीही तुमच्यामुळे. मुलाखतीत साहेबांनी एक पान पुढे ढकललं आणि विचारलं, यातलं काही कळतं का. मधल्या दोन ओळी लॅटिन होत्या. मी त्या मोठ्याने वाचल्या, उभी राहून. बसून वाचायची सवयच नव्हती. साहेब हसले, पण नोकरी दिली. वडिलांनी डेपोत पेढे वाटले. पेढे तुमच्या नावाने वाटायला हवे होते.

निवृत्त झाल्यावर तुम्ही क्वार्टर सोडलं आणि नोएडातल्या या चौथ्या मजल्यावर आलात. आजूबाजूला नुसते खांब उभे होते, खाली रस्ता व्हायचा होता, मेट्रो यायची होती. टेबल तेवढं तेच आणलंत. लिफ्ट बंद म्हणून चार मजले चढवलं. मी एका बाजूने धरलं होतं. मधल्या जिन्यावर टेकून तुम्ही म्हणालात, "या घरात पुस्तक पुरं करू."

त्या दिवशीही आपलं भांडण चालूच होतं. त्या मुलीचा भाऊ. समुद्राखालच्या लोकांनी नेलेला. त्याला शोधायलाच ती निघालेली. मी म्हणायचे, तो परत येणार, मुलांचं पुस्तक आहे. तुम्ही म्हणायचात, नाही यायचा.

"मुलांचं पुस्तक आहे म्हणूनच नाही यायचा. मुलांना खोटं सांगून चालत नाही."

"मिलीला विचारू?"

"विचारशील तर उद्यापासून येऊ नकोस."

मिलीला ही भारी गंमत वाटायची. सगळ्या एनसीआरमधल्या पोरांना माहीत असलेला शेवट या दोन मोठ्या माणसांना माहीत नाही! पुढे कॉलेजला गेली तरी ती धमकी देत राहिली. "आजोबा, पनीर द्या, नाहीतर सांगते." तुम्ही दोन्ही कानांत बोटं घालून लॅटिनमध्ये प्रार्थना म्हणायला लागायचात आणि पनीर तिला मिळायचं.

मला मात्र घाई होती. तुमचे पाय सुजायला लागले तेव्हापासून. मी म्हटलं, काका, रविवारी दोन पानं घेऊ. तुम्ही म्हणालात, एकच. मी म्हटलं, निदान मराठी नंतर करू, नुसतं वाचून घेऊ. तुम्ही म्हणालात, "हा काय तुझा सिलॅबस आहे, संपवायला?" मला कशाची भीती वाटत होती हे मी बोलले नाही. तुम्हाला ते कळत होतं का? कळत असूनही एकच पान म्हणत होतात का? याचं उत्तर मला हवं होतं, काका. याचंच हवं होतं.

हॉस्पिटलच्या वॉर्डमध्ये आपण शेवटचं वाचलं. तुम्ही पडून, मी उभी. ती मुलगी राजवाड्याच्या पहारेकरी मांजराला फसवून त्याचा मासा पळवते, ते पान. शेजारच्या कॉटवरचे बाबूजी हात जोडून ऐकत होते. त्यांच्या बायकोने डोक्यावर पदर घेतला. संपल्यावर बाबूजींनी विचारलं, "बिटिया, कौन सा पाठ है? बड़ी शांति मिली."

मी तुमच्याकडे बघितलं. हसू दाबताना तुम्हाला धाप लागली होती. "पाठ ही समझिए, भाईसाहब," तुम्ही म्हणालात. मग मला हळूच मराठीत, "मासाचोरीचा अध्याय." त्या पानात मी दोनदा चुकले होते. चमचा नव्हता, तुम्ही अंगठीने कॉटचा लोखंडी दांडा वाजवलात. आवाज फार बारीक आला. मी दोन्ही वेळा वाक्य पुन्हा वाचलं.

त्यानंतर घरी आणलं तुम्हाला. शेवटच्या प्रकरणाचं पहिलं पान तुम्ही डोळ्यांनीच बघितलंत, पान उलटून खुणेची पट्टी घातलीत आणि म्हणालात, "रविवारी." मिली आली होती. ती तुमच्या कानाशी वाकली आणि अगदी हळू म्हणाली, "आजोबा, आता सांगू?" तुम्हाला हात उचलवत नव्हते. तरी एक बोट कानाकडे निघालं. ती बाहेर पळाली आणि बाल्कनीत जाऊन रडली. काल मला म्हणते, "मावशी, मी सांगायला हवं होतं ना? ही शुड हॅव नोन." काय सांगू मी तिला?

रविवार आला. तुम्ही नव्हतात.

दफनाच्या वेळी आलेल्या तरुण फादरना मी बाजूला घेऊन विचारलं होतं, तुम्हाला लॅटिन येतं का. ते चांगले आहेत. संकोचून म्हणाले, प्रार्थनेपुरतं, पाठ केलेलं. म्हणजे कुणी नाही. इंटरनेटवर असतील, परदेशात असतील. पण बाजरीच्या भाकरीसमोर बसून माझा चुकलेला स्वर पकडणारं कुणी नाही. तुम्ही सेमिनरी का सोडलीत हे मी इतक्या वर्षांत विचारलं नाही, कधीतरी तुम्हीच सांगाल म्हणून. तेही गेलं. काही लोक म्हणतात, माणूस आठवणींत राहतो. काका, मला तसं काही जाणवत नाही. टेबल आहे, खुर्ची आहे, चमचा आहे. तुम्ही कुठेही नाही.

आज मी काकूंकडे आले तेव्हा त्यांनी दोन ताटं वाढलेली होती. तुम्ही गेल्यापासून त्या नीट जेवलेल्या नाहीत, मिलीची आई सांगत होती. एक ताट स्वतःपुढे घेतलं आणि दुसऱ्यावर ताट पालथं घातलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वाचणारीचं."

मी उभी राहिले. पट्टी काढली. शेवटचं प्रकरण, दुसरं पान. मुलगी समुद्राच्या तळाशी एका दारापुढे उभी आहे. दार बंद आहे, पलीकडून कुणाचा तरी श्वास ऐकू येतो. इतकं कळलं. तिसऱ्या ओळीत मी चुकले. एक शब्द जिथे लांबवायचा तिथे आखूड केला. नेहमीचीच चूक, तुम्ही शंभरदा पकडलेली. माझ्या लगेच लक्षात आलं आणि मी थांबले. काकू भाकरी मोडत होत्या. खाली कुठेतरी बांधकामाचं मशीन चालू होतं. 

मग पुढे वाचलं. दोन ओळी नीट गेल्या, तुम्हाला आवडल्या असत्या. आणि ग्लास वाजला.

काकूंच्या हातात चमचा होता. त्यांनी तो तसाच धरून ठेवला होता आणि त्या माझ्याकडे बघत होत्या.

"चुकलीस ना?"

"हो, काकू."

"मग पुन्हा वाच."

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. काकूंनी मान हलवली आणि घास घेतला.

काका, ती ओळ बरोबर होती. मी चुकले होते ते दोन ओळी आधी, आणि ते आता तसंच राहणार.